काठाकडून घातलेला कच्चा दोरा

सगुणावहिनी गेल्याची बातमी आली तेव्हा मी मूर्तिजापुरात घराच्या ओट्यावर बसून दाढी करून घेत होतो. माझ्या मुलाने खेड्यावरून गडी पाठवला होता. तो स्टेशनावरून धावतच आला आणि न्हाव्याच्या मागे उभा राहून म्हणाला, "मास्तर, मोठ्या माय गेल्या. आज पहाटीच." माझा एक गाल झाला होता, एक राहिला होता. न्हाव्याने वस्तरा थांबवला. मी त्याला म्हणालो, "राह्यला तेवढा करून टाक." त्याने केला. मी तोंड धुतले, डोक्याला रुमाल बांधला, घराला कुलूप घातले आणि गड्याबरोबर स्टेशनावर गेलो. आगगाडीत शेजारच्या माणसाने यंदा कपाशी कशी आहे म्हणून विचारले, त्यालाही नीट उत्तर दिले. रडू तेव्हा आले नाही. पुढेही आले नाही. आत कुठे काही हलले असेल तर मला समजले नाही.

आमचे खेडे अकोल्याच्या अलीकडे, स्टेशनापासून पायी जाण्यासारखे. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, नानांची बायको. नाना जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून ती माझ्या मुला-सुनेजवळ त्याच घरात राहत असे, आणि मी नोकरीपायी मूर्तिजापुरास येऊन तिथलाच झालो होतो. स्मशानात चिता पेटल्यावर लोक नेहमीप्रमाणे बाजूला जाऊन बसले. माझ्या मागे दोन म्हातारे बोलत होते. एक म्हणाला, "बाई मोठी चांगली होती गा." दुसरा म्हणाला, "होती न. तेवढी ते दुलईची गोष्ट सोडली तं..." मग दोघेही गप्प झाले. मी मागे वळून पाहिले नाही. चाळीसेक वर्षांनंतर, चितेपर्यंत, ती दुलई तिच्यामागे आली होती. ती गोष्ट सोडून देण्याजोगी नाही. ती जशी झाली तशी या वर्तमानपत्राच्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून लिहायला बसलो आहे.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा आमची आई वारलेली होती आणि धाकटी बहीण यमुना अजून नीट चालायचीही नव्हती. वहिनी स्वतः तरी केवढी! माझ्याच वयाची, एखाद-दुसऱ्या वर्षाने मोठी असेल. पण आल्या दिवसापासून यमुनेला तिने कडेवर घेतले ते लग्न होऊन ती सासरी जाईपर्यंत जणू खाली ठेवलेच नाही. यमुनेला न्हाऊ घालणे, तिच्या उवा काढणे, तिला मारणे आणि मारून झाल्यावर गूळ देणे, सगळे वहिनीचे. बोलायला ती तिखट होती. मी तरुण होतो, जरा नटवा होतो. ती नानांच्या देखत म्हणायची, "भावजीले जेवाले नका बलावू, आरसा द्या. पोट भरते त्याइचं." नाना हसत. मीही हसत असे. तिच्या बोलण्याचा कधी राग येत नसे, कारण बोलता बोलता तिने ताटात वाढलेले असायचे.

गावात तिचे नाव झाले ते कच्च्या दोऱ्यामुळे. ज्यांच्या घरी आता बाजारची दुलई येते त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुलईला खाली एक कापड, मधे पिंजलेल्या कापसाचा थर, वर दुसरे कापड. हे तिन्ही एकावर एक नुसते ठेवून शिवायला बसले तर शिवता शिवता कापूस सरकतो, वरचे कापड एकीकडे ओढले जाते, खालचे दुसरीकडे गोळा होते. म्हणून आधी लांब लांब टाक्यांनी तिन्ही थर एकमेकांना टाचून घेतात. तो कच्चा दोरा. तो कायमचा नसतो. पक्की शिवण झाली की तो ओढून काढायचा. पण दुलई सपाट होणार की गाठीगाठीची, हे त्या कच्च्या दोऱ्यावरच ठरते. आमच्याकडे नवरीच्या दुलईला कच्चा दोरा घालायला चांगल्या हाताची सुवासीण बोलावतात. बाकीच्या बाया नंतर येतात, चहूबाजूंनी बसतात, गाणी म्हणत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत पक्की शिवण घालतात. पण पहिला हात त्या एकीचा. वहिनी दुलईच्या मधोमध पाय दुमडून बसायची, तळव्याने कापड मधून बाहेर सारायची, मग टाका. पुन्हा सारायची, पुन्हा टाका. मधातून सुरुवात करायची आणि मागे सरकत सरकत काठाकडे यायचे. सुरकुती असेल तर ती पुढे पुढे पळते आणि काठावरून बाहेर निघून जाते. हे काम चालू असताना ती कोणाशी बोलत नसे. तेवढाच वेळ ती गप्प असायची, असे नाना म्हणत. आसपासच्या गावांतून तिला त्यासाठी गाडी यायची. ती गाडीत बसून जायची, आणि परत यायची तेव्हा ओटीत खोबऱ्याची वाटी आणि तोंडावर न मावणारा रुबाब असायचा.

तेव्हा कापसाचे दिवस आले. अमेरिकेत लढाई लागली आहे आणि विलायतेच्या गिरण्यांना आपला कापूस हवा आहे, एवढेच आम्हाला कळले होते. अमेरिका कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. बऱ्हाणपुराच्या पलीकडे असेल, असे नानांचे मत होते. रेल्वे अजून अकोल्यापर्यंत यायची होती. अकोल्याच्या बाजारात गाड्या एकमेकींना लागून उभ्या राहत, बैल सोडायला जागा नसे. ज्याला कधी कोणी विचारले नाही तो शेतकरी दलालाच्या गादीवर तक्क्याला टेकून बसू लागला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. माझ्या वयाचे पोरगे रेशमी अंगरखे घालून खळ्यावर जात. पुढे पुढे दलालांची माणसे खेड्यांत घरोघर येऊ लागली, आणि नुसता नवा कापूस नव्हे, गाद्या-उशांतला जुना कापूससुद्धा मागू लागली. बायांनी गाद्या उसवल्या. आमच्या गावात त्या हिवाळ्यात लोक घोंगड्यांवर निजले, आणि निजताना आपण श्रीमंत झालो असे म्हणत निजले.

त्याच साली यमुनेचे लग्न अमरावतीला ठरले. चांगले, खाऊनपिऊन सुखी घर होते, परकोटाच्या आत राहणारे. नानांनी शेतातला सगळा कापूस विकला होता. दुसऱ्या वेचणीचा एक डालाभर कापूस तेवढा वहिनीने मधघरात लपवून ठेवला होता. लांब धाग्याचा, पांढराशुभ्र. नानांना तो सापडला. दलालाचा माणूस अंगणात उभा होता. नाना डाला उचलायला गेले तर वहिनी दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "हा पोट्टीच्या आंगावरचा कापूस हाये. हा नाई विकाचा."

"अवं, औंदा सारे जन विकून राह्यले..."

"विकू द्या. मांगून आपली पोट्टी गारठली तं दलाल येईन का पांघरून घालाले?"

दलालाचा माणूस हसला. नानाही हसले आणि डाला तिथेच राहिला. मी ओट्यावर बसून हे ऐकत होतो.

पिंजाऱ्याला बोलावून वहिनीने तो कापूस पिंजून घेतला. यमुना तिच्याजवळच होती. तिने तो थर मांडताना पाहिला, हात बुडवून पाहिला, आणि म्हणाली, "वयनी, हे तं ढगावानी हाये." वहिनीने एका दिवसात कच्चा दोरा घातला. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती, आणि अमावस्येला नवी शिवण सुरू करत नाहीत, म्हणून शेजारच्या बाया त्याच्या दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. टाचलेली दुलई गुंडाळून मधघरात ठेवली होती. अमावस्येच्या दुपारी नाना शेतात होते आणि वहिनी यमुनेला घेऊन नदीवर गेली होती.

मला लग्नात बांधायला फेटा हवा होता. जरीच्या पदराचा. अकोल्याला मी तो दुकानात दोनदा हातात घेऊन परत ठेवला होता. नानांना मागितला तर ते म्हणाले, "होता तोच धुऊन घे." माझे सगळे सोबती नव्या फेट्यांत येणार होते. कारण एवढेच. याहून मोठे काही सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण एवढेच होते.

मी दुलई गोठ्यात नेली. एका काठापासून सुरुवात करून सगळे लांब टाके विळ्याने कापले. कच्चा दोरा, त्याला कापायला कितीसा वेळ! आतला थर मोठ्या घडीसारखा सबंध बाहेर आला. त्या जागी मी सरकी काढायच्या चरखीखाली साचलेली पाल्यापाचोळ्याची रुई भरली, दोन फाटकी लुगडी भरली, हाताने चेपून सारखे केले. आणि मग सुई घेऊन पुन्हा टाके घातले. आमच्या घरात मी सुई धरलेली कोणी पाहिली नव्हती, पण वहिनीला घालताना मी पुष्कळदा पाहिले होते. लांब टाके घालायचे, त्यात काय आहे असे मला वाटले. मी जिथून उसवले होते तिथूनच, म्हणजे काठाकडूनच, आत टाचत गेलो. दुलई होती तशी गुंडाळून ठेवली. कापूस ओळखीच्या माणसाबरोबर त्याच दिवशी अकोल्याला विकायला गेला. वहिनी आणि यमुना ओली लुगडी पिळून घेऊन आल्या तेव्हा मी ओट्यावर निजलो होतो. खरोखर झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. सुयांत दोरे ओवून बसल्या. वहिनीने दुलई पसरली, मधोमध जाऊन बसली आणि सवयीने तळवा फिरवला. तळवा मधे थांबला. मी दाराशी उभा होतो. काठाकडून टाचत आल्याने सगळी ढिलाई मधे गोळा झाली होती आणि तिथे कापडाला बोटभर जाडीची सुरकुती उभी राहिली होती. तिच्या हातून झालेल्या कामात अशी सुरकुती कधी कोणी पाहिली नसेल. तिने ती दाबली. मग त्या बाजूचे टाके पाहिले. मग मान वर केली, आणि तिला मी दिसलो. शेजारची एकजण म्हणाली, "काय झालं वं, बाई? सुरू कराचं न?" वहिनीने तळवा पुन्हा सुरकुतीवर ठेवला. तिने एक शब्द काढला असता तर तिथेच सगळे उसवले गेले असते. पण घरात कापसाचे बोंडही उरले नव्हते, लग्न तोंडावर आले होते, आणि नवरीच्या दुलईतला कापूस तिच्या सख्ख्या भावाने चोरला हे त्या सुया धरून बसलेल्या बायांच्या तोंडी गेले असते तर सांजेपर्यंत चार गावांत झाले असते. मला पुढे कोणी मुलगी दिली नसती. हे सगळे तिने त्या एवढ्याशा वेळात पाहिले असेल. ती म्हणाली, "करा सुरू." ती सुरकुती तिने स्वतःच्या हाताने दाबून शिवून टाकली.

गाड्यांचा तांडा अमरावतीला गेला, लग्न लागले. माझा फेटा सगळ्यांनी पाहिला. मांडवात वहिनी माझ्यासमोरून पानाचे तबक घेऊन गेली. थांबली आणि म्हणाली, "फेटा शोभते, भावजी." तेवढेच.

पहिल्याच हिवाळ्यात दुलईने दगा दिला. आतला पालापाचोळा एका कोपऱ्यात उतरला, लुगड्यांच्या गाठी झाल्या, बाकी नुसती दोन कापडे उरली. यमुनेच्या सासूने शेजारणींना बोलावून, सर्वांसमोर, कात्रीने एक बाजू उसवली. आत काय आहे ते पाहून ती म्हणाली, "सूनबाई, तुह्या मायेरचा कापूस इंग्रजाच्या जहाजात बसून गेला वाटते! तुले बैलगाडीत बसवलं अन् कापसाले जहाजात!" बाया हसल्या. त्या घरात पुढे कित्येक वर्षे यमुनेला 'पालापाचोळा' म्हणत. पोर झाले तरी म्हणत.

संक्रांतीला यमुना माहेरी आली ती ओरडत आली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती अंगणात उभी राहिली, घरात शिरली नाही. नाना होते, मी होतो. तिने वहिनीला विचारले, "मी माह्या डोयानं पाह्यला होता कापूस. मंग त्याचा कचरा कोनं केला?"

वहिनी तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

"कच्चा दोरा तुहा होता न, वयनी? तुह्याशिवाय त्याले हात कोन लावते? नानाले नेऊ नाई देल्ला, अन् मांगून तूच विकला का गुपचूप?"

"यमुने," नाना म्हणाले.

"तुमी चूप राहा, नाना. मी तिले इचारून राह्यली. बोल न वं!"

वहिनीने सूप खाली ठेवले. माझ्याकडे पाहिले नाही, हे मला अजून दिसते. तिने फक्त मान झुकवली आणि म्हणाली, "दोरा माहाच होता. माह्याच हातचं म्हन." यमुना आली तशी परतली. पाणीही प्याली नाही. नाना तिच्यामागे गाडीपर्यंत गेले. मी जागचा हललो नाही... पुष्कळांना वाटेल की त्या क्षणी माझ्या मनात काहूर माजले असेल. तसे काही आठवत नाही. भूक लागली होती, एवढे आठवते.

दोन-तीन दिवसांनी विहिरीवर मी पोहरा ओढत होतो. वहिनी घागर घेऊन आली. मी पोहरा तिच्या घागरीत ओतला. ती म्हणाली, "भावजी, कच्चा दोरा काठाकून नाई घालत. मधातून घालते." मी पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहिलो. तिने घागर डोक्यावर घेतली आणि गेली. या विषयावर ती माझ्याशी पुढे सबंध आयुष्यात एक शब्द बोलली नाही. नानांशीही बोलली नाही, हे मी जाणतो, कारण नाना मरेपर्यंत तिला अधूनमधून चिडवून म्हणायचे, "अमेरिकेच्या लढाईत तू बी कापूस लुटनारी एक गोरी झाली." नाना चेष्टेने म्हणत. ती उठून जायची.

मग गाड्या यायच्या थांबल्या. कोणी भांडले नाही, कोणी तोंडावर बोलले नाही. नुसते बोलावणे आले नाही. गावातल्या गावात लग्न असले तर तिला हळदीला बोलवायचे, पापड लाटायला बोलवायचे, दुलईला नाही. कापूस जिथे असेल तिथे सगुणा नको. ती जाऊन बसायची आणि दुसऱ्या कोणाचा तरी हात दुलईवर फिरताना पाहायची. तिचे हात मांडीवर असायचे. मला शाळेत नोकरी लागली, माझे लग्न झाले, मुले झाली. कापसाचा भाव पडला आणि चांदीच्या शेंब्या विकून लोकांनी सरकारचा शेतसारा भरला. फेटा केव्हाच विरला. तिचे नाव मात्र तिथेच राहिले, जिथे मी ते ठेवले होते.

सांगायला हवे असे आणखी एक आहे. माझ्या मुलीचे लग्न आमच्या त्याच घरी झाले. नाना तेव्हा होते, म्हणजे वहिनी सुवासीण होती. मुलीच्या दुलईला कच्चा दोरा घालायला बायकांनी वाण्याच्या आळीतल्या एका पोरसवदा सुनेला बोलावले होते. वहिनी येऊन दाराशी बसली. कोणीतरी म्हणाले, "तुमी बसा न बाई, तुमी कायले तरास घेता." ती बसली. त्या पोरीचा दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता. वहिनी उठली, आपल्या फडताळातून मेण लावलेला जाड दोरा घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाली, "हा घे, बाई. मजबूत हाये." मी मुलीचा बाप होतो. घर माझे होते. मी तिथे उभा राहून एवढेच म्हणायचे होते, की वहिनी घालतील. मी मांडवाच्या खांबाची दोरी आवळायला बाहेर गेलो. ती आवळलेलीच होती.

गेल्या दिवाळीत मी तिला शेवटचे भेटलो. तिला ऐकू कमी येत असे. ती उन्हात बसली होती, मी जवळ बसलो. मी म्हणालो, "वयनी, ते दुलईचं... मीच होतो." अगदी हळू म्हणालो. तिला ऐकू जाणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. तिने कानाशी हात नेला. "मोठ्यानं बोला न, भावजी." मी मोठ्याने म्हणालो, "थंडी पडून राह्यली, म्हनतो." ती म्हणाली, "पडनारच. हिवाया हाये."

तेराव्यानंतर मी अमरावतीला गेलो. बडनेऱ्याला उतरून टांगा केला. यमुना आता म्हातारी झाली आहे, घर तेच आहे, सासू केव्हाच गेली, सुना वावरत होत्या. वहिनी गेल्याचे तिला कळवले होते, पण ती आली नव्हती. ती मेथी निवडत होती. मी पायरीवर बसून सगळे सांगितले, जसे इथे लिहिले तसेच, अमावस्या, विळा, पाचोळा, फेटा. तिने मेथीची एक काडी हातात धरली होती, ती शेवटपर्यंत टाकली नाही.

मग ती म्हणाली, "तिनं मले न्हाऊ-माखू घातलं, अन् मी तिच्या घरचं पानी नाई पेली... नाना गेले तवाबी अंगनातूनच परतली मी."

तिने निवडलेली मेथी बाजूला सारली.

"मले काहून सांगून राह्यला आता? तिले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं. हयू आवाजात."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग काडी टाकून म्हणाली, "तू मास्तर होता न? लिवता येते न तुले? लिही मंग. पेपरात लिही. माह्या सासरचे वाचतीन, गावचे वाचतीन. ज्याले वाचता नाई येत त्याले वाचून दाखोतीन. अन् फेट्याचंबी लिही. मोठं काई दुःख होतं म्हनून केलं असं नको लिवू."

"नाई लिहीत."

"तुह्यावर थुंकाले बी तोंडात पानी नाई उरलं," ती म्हणाली, आणि उठून लुगडे बदलायला आत गेली. त्याच दुपारी ती माझ्याबरोबर निघाली. मूर्तिजापूर आले तेव्हा मी बोट दाखवून म्हणालो, "इथं राह्यतो मी." तिने तिकडे पाहिले नाही.

त्या घराच्या उंबऱ्यावर ती थोडी थांबली आणि आत गेली. माझ्या सुनेने पाणी दिले, ते ती उभ्याने प्याली. मग तिने वहिनीची खोली विचारली. खोलीत एक गोधडी जमिनीवर पसरलेली होती, जुन्या लुगड्यांची, तीन-चार थरांची. सून म्हणाली, "मोठ्या मायचीच हाये. तशीच राहू देल्ली. दरसाल दिवाळी झाली का त्या जुनी लुगडी मांडत, कच्चा दोरा घालत. पुरा झाला का ओढून काढत, अन् लुगडी घडी करून ठेवून देत. मी एकदा इचारलं, मोठ्या माय, हे कोनासाठी? तं म्हने, हात मोडू नये म्हनून. कोनी बलावलं तं हात पाह्यजे न." यंदा तिचा मधला भाग टाचून झाला होता. काठ राहिले होते. सुई कापडातच होती, दोरा ओवलेला.

यमुना पाय दुमडून गोधडीच्या मधे बसली. वहिनीचे टाके जिथे संपले होते तिथे तिने तळवा ठेवला आणि कापड बाहेर सारले. नंतर दुसऱ्यांदा सारले. सुई काढून घेतली. पहिला टाका वाकडा गेला. तो तिने उसवला. दुसरा सरळ गेला. तिलाही हे लहानपणी वहिनीनेच शिकवले असणार, मला माहीत नव्हते. गोधडीचा दाराकडचा एक कोपरा सारखा वर येत होता. तिने मान वर न करता म्हटले, "दादा, त्या कोपऱ्यावर बस. सरकू देऊ नको."

मी जाऊन बसलो. दुसरे वजन तिथे नव्हते. ती काही बोलत नव्हती. टाका, मग तळवा, मग टाका. ती हळूहळू मागे सरकत माझ्या कोपऱ्यापर्यंत आली. ऊन भिंतीवरून उतरून दाराबाहेर गेले होते. तिची पाठ माझ्या गुडघ्याला लागली तेव्हा ती थांबली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "इथं टाका घालाचा हाये."